एकच कपात, तीन निकाल: डुकरांच्या खाद्यातली ऊर्जा मांसात जाते की चरबीत?

"डॉक्टर, खाद्य कमी केलं तरी चरबी हटत नाही, आणि वजनं मात्र अडकली."

एका डुक्करपालन फार्मच्या मालकांचं फोनवरचं हे एक वाक्य म्हणजे हे सगळं प्रकरण. खाद्य कमी केल्यावर वजन अडकलं, हे समजू शकतं. पण ऊर्जा कमी पडली की आधी चरबी उतरते आणि मांसाला झळ नंतर लागते, असंच आपण सगळे शिकलो. इथं मांस अडकलं आणि चरबी जागची हलली नाही.

ओळख पटू नये म्हणून फार्मविषयी फार सांगत नाही, आणि मोजमापंही गोल केली आहेत. पुढे दिवसाला अमुक ग्रॅम प्रथिन, तमुक ग्रॅम चरबी असे आकडे येतील. ते मोजलेले नाहीत, हिशेबाने काढलेले आहेत. जिवंत डुकरात ते मोजायची सोय कुठल्याच शेडमध्ये नसते.

आधी काय घडलं होतं

पिल्लं २५ किलोची झाली की वाढीच्या कप्प्यात यायची, ६० किलोला शेवटच्या कप्प्यात जायची आणि ११० किलोच्या आसपास विकली जायची. खच्ची केलेले नर आणि माद्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकत्र. खाद्यं दोनच: ६० किलोपर्यंत एक, त्यानंतर दुसरं. दोन्ही मका आणि सोयाबीन पेंडीवर आधारलेली, दोन्ही पोटभर.

खरेदीदार प्रत्येक खेपेबरोबर चिठ्ठी द्यायचा. तिच्यावर दर जनावराचं वजन आणि पी-टू, म्हणजे शेवटच्या बरगडीपाशी, पाठीच्या मध्यरेषेपासून ६५ मिलिमीटर बाजूला मोजलेली चरबीची जाडी. वर्षभर सरासरी साडेचौदा मिलिमीटरच्या आसपास होती. कुणाची तक्रार नव्हती.

मग मालकांनी खाद्यात ४ टक्के तेल घालायला सुरुवात केली. कारण सरळ होतं: वाढ जलद व्हावी, कप्पे लवकर मोकळे व्हावेत. मक्याच्या जागी तेल आलं तशी खाद्याची चयापचयी ऊर्जा, म्हणजे शेण, मूत्र आणि वायूतून वाया जाणारी वगळून जनावराला वापरता येणारी ऊर्जा, किलोला १३.४ मेगाज्यूलवरून १४.२ मेगाज्यूलवर गेली. बाकी सूत्रात काहीच बदललं नाही. पहिल्या खाद्यात पचनीय लायसिन (प्रथिन बांधायला लागणारं, मक्यावरच्या खाद्यात सहसा सगळ्यांत आधी कमी पडणारं अमिनो आम्ल) ०.८० टक्के होतं ते तेवढंच राहिलं, दुसऱ्यातही ०.७२ टक्के तसंच.

दोन महिन्यांनी चिठ्ठीवरची सरासरी १७ वर गेली. खरेदीदाराने दर कापला. मालकांनी तेल बंद करण्याऐवजी (नुकतीच साठवण करून ठेवली होती) सगळ्या कप्प्यांचं खाद्य सरसकट १५ टक्क्यांनी कमी केलं. लहान-मोठे, नर-मादी, सगळ्यांचं. पाच आठवड्यांनी फोन आला.

शेडमध्ये

पोचल्यावर मी आधी सूत्र मागितलं नाही, खाद्य घालायचा डबा मागितला. ही माझी जुनी खोड आहे. कागदावर काय लिहिलंय यापेक्षा गव्हाणीत काय पडतंय ते बघायचं.

खाद्य घालायचं काम एक वयस्कर गडी बघायचे. सगळे त्यांना मामा म्हणत. मामांनी डबा भरला, हाताने सपाट केला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हा सहा किलोचा." वजनकाट्यावर ठेवला तर खरंच सहा किलो, पन्नास-साठ ग्रॅमचा फरक. तेलाचं खाद्य दाबून बसतं, तरी चुकले नव्हते. या डब्याने पुढे आम्हाला एकदा फसवलं, ते येईलच.

मग शेवटच्या एका कप्प्यापाशी अर्धा तास नुसता उभा राहिलो. बारा जनावरं होती आणि गव्हाण पोटभर खाद्याच्या हिशेबाने बांधलेली, म्हणजे एका वेळी चौघांना तोंड घालता येईल इतकी. पोटभर खाद्य असताना ते चालतं, कारण जनावरं दिवसभर पाळीपाळीने खातात. पण कपात झाल्यावर मामा सकाळी खाद्य घालत आणि दुपारपर्यंत गव्हाण चाटून साफ. त्या दिवशी एक रुंद पाठीचा खच्ची नर गव्हाणीच्या कोपऱ्यात असा आडवा उभा राहिला की दोघांची जागा त्याने एकट्याने अडवली. मागे एक मादी तीनदा आली आणि तीनदा खांद्याचा धक्का खाऊन परत गेली. चौथ्यांदा ती आलीच नाही, भिंतीला टेकून बसली. कप्प्याला खाद्य १५ टक्के कमी मिळत होतं, पण त्या नराला कदाचित काहीच कमी नव्हतं आणि तिला २५ टक्के कमी असावं. सरासरीने हिशेब करणाऱ्याने हे दृश्य एकदा तरी बघावं.

पुढचे सात दिवस आम्ही प्रत्येक कप्प्याचं खाद्य तोलून घातलं, गव्हाणीखाली सांडलेलं झाडून तोललं, आठवड्याच्या दोन्ही टोकांना वजनं घेतली आणि अल्ट्रासाउंडने पाठीची चरबी बघितली. चिठ्ठ्याही पुन्हा काढल्या. त्यांच्यावर नर-मादी असा रकाना नव्हता, पण कानातल्या बिल्ल्यांचे नंबर होते. ते वहीशी जुळवल्यावर पहिली गाठ सुटली. १७ मिलिमीटर ही सरासरी म्हणजे माद्या १५ आणि खच्ची नर १९. दोन वेगळे कळप एका आकड्यात कोंबले होते.

ऊर्जा कुठे जाते

इथं थोडा हिशेब लागतो, कारण त्याशिवाय "ऊर्जा जास्त झाली" या वाक्याला अर्थ नाही.

डुक्कर खाल्लेल्या ऊर्जेतून आधी स्वतःला चालू ठेवतं: श्वास, रक्त, ऊब, हालचाल. त्याला दर किलो चयापचयी वजनामागे, म्हणजे शरीराच्या वजनाच्या ०.७५ घाताला, दिवसाला साधारण ०.४५ मेगाज्यूल लागतात. ४० किलोच्या पिल्लाला सात मेगाज्यूलच्या वर थोडं, ९० किलोच्या जनावराला तेरा. उरलेल्यातून वाढ होते. एक किलो प्रथिन साठवायला सुमारे ४४ मेगाज्यूल लागतात, एक किलो चरबी साठवायला सुमारे ५३. (वेगवेगळ्या पाठ्यपुस्तकांत हे आकडे एक-दोनने इकडेतिकडे दिसतील. निष्कर्ष बदलत नाही.)

ग्रॅमला ग्रॅम धरलं तर फरक फार वाटत नाही. गंमत पाण्यात आहे. प्रथिन कोरडं साठत नाही. लाल मांसात ते पाव भागाहूनही कमी असतं, सुमारे ७५ टक्के पाणीच असतं. म्हणून एक किलो मांस वाढवायला साधारण १० मेगाज्यूल पुरतात. चरबीच्या ऊतीत पाणी फार थोडं, म्हणून तिच्या एका किलोला ४५ मेगाज्यूलच्या आसपास लागतात. चौपटीहून जास्त. वजनकाट्याला मात्र दोन्ही किलो सारखेच.

आणि प्रथिन साठवायला वरची मर्यादा असते. ती वंशावर, लिंगावर आणि वयावर ठरते. ती गाठली की पुढचा प्रत्येक मेगाज्यूल चरबीत जातो, दुसरीकडे जायला जागाच नसते. मर्यादा गाठण्याआधी ऊर्जा वाढवली तर मांस आणि चरबी दोन्ही वाढतात, कारण निरोगी वाढणारं डुक्कर प्रथिनाबरोबर थोडी चरबी साठवल्याशिवाय राहत नाही. एडिनबरोच्या व्हिटेमोर आणि फॉसेट यांनी १९७६ मध्ये डुकराच्या वाढीचं जे गणिती प्रारूप मांडलं, त्याचा पाया हाच: किमान चरबी, प्रथिनाची कमाल मर्यादा, आणि मधली सरळ रेषा. ऑस्ट्रेलियात कॅम्पबेल, टॅव्हर्नर आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ऊर्जेच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर डुकरं वाढवून हे तपासलं. लहान वजनाला रेषा पोटभर खाण्यापर्यंत चढतच राहिली. ४८ ते ९० किलोच्या टप्प्यात दिवसाला सुमारे ३३ मेगाज्यूल पचनीय ऊर्जेनंतर (म्हणजे मूत्र आणि वायूतली घट न वगळता) ती आडवी झाली. नंतरच्या सुधारित वंशांत ही आडवी होण्याची जागा वर सरकली आहे, काहींत तर पोटभर खाऊनही ती सापडत नाही. म्हणून ३३ हा आकडा कुणी आपल्या कळपावर चिकटवू नये.

म्हणजे "ऊर्जा जास्त झाली का?" हा प्रश्न अर्धाच आहे. कुणाला जास्त झाली, कोणत्या वजनाला, आणि ती वापरायला पुरेसं लायसिन होतं का, हे विचारल्याशिवाय उत्तर निघत नाही.

तेच १५ टक्के

आता तीन जनावरं घेऊ. तिन्ही याच कळपातली, तिन्हींना हीच कपात.

पहिला, ९० किलोचा खच्ची नर. तेलाच्या खाद्यावर तो दिवसाला २.७ किलो खात होता, म्हणजे ३८.३ मेगाज्यूल. जगण्याचे १३.२ वजा केले. या वंशात त्याची प्रथिन साठवण्याची मर्यादा मी दिवसाला १३० ग्रॅम धरली, तिचे ५.७ गेले. उरले १९.४, म्हणजे ३६६ ग्रॅम चरबी रोज. कपातीनंतर तो २.३ किलोवर आला. लायसिन तरीही १३० ग्रॅम प्रथिनाला पुरेसं होतं, म्हणून मांस कमी झालं नाही आणि चरबी २६० ग्रॅमवर आली. कागदावर तरी कपात इथं बरोबर होती. जो गव्हाण अडवून उभा होता त्याच्यापर्यंत ती पोचली नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरी, तेवढ्याच वजनाची मादी. मुळातच कमी खाणारी, २.४ किलो. कपातीने ती २.०४ किलोवर गेली. चरबी २८० ग्रॅमवरून १९० च्या आसपास आली हे खरं, पण लायसिनही त्याच प्रमाणात घटलं. खाद्यात ०.७२ टक्के होतं, दोन किलोत किती येणार? साडेचौदा ग्रॅम. त्यावर १३५ ग्रॅम प्रथिनाची मादी १२५ च्याही किंचित खाली घसरते. चरबीबरोबर मांसालाही कात्री लागली, आणि हिच्या चरबीविषयी मुळात तक्रारच नव्हती.

तिसरं, ४० किलोचं पिल्लू. खरा घोळ इथे होता.

पिल्लू तेलाच्या खाद्यावर १.६ किलो खात होतं, २२.७ मेगाज्यूल. त्याच्यासाठी हे जास्त नव्हतंच. या वयात पोटच लहान असतं, डुक्कर ऊर्जेला कमी पडतं. लायसिन मात्र जेमतेम १२.८ ग्रॅम मिळत होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २०१२ च्या आवृत्तीत २५ ते ५० किलोच्या डुकराला खाद्यात ०.९८ टक्के पचनीय लायसिन सांगितलं आहे, सुमारे १३.८ मेगाज्यूलच्या खाद्याला. म्हणजे दर मेगाज्यूलमागे ०.७१ ग्रॅम. या फार्मवर तेल येण्याआधीच ते ०.६० होतं. तेलाने ते ०.५६ वर आणलं. १३५ ग्रॅम प्रथिन साठवू शकणारं पिल्लू लायसिनअभावी ११५ वर अडकलं आणि न वापरलेली ऊर्जा चरबीत गेली: १९७ ग्रॅम.

आता यात १५ टक्के कपात केली. ऊर्जा १९.३ मेगाज्यूल, लायसिन १०.९ ग्रॅम. प्रथिन ९५ ग्रॅम, चरबी १४९ ग्रॅम. चरबी आणि प्रथिनाचं प्रमाण आधी १.७ होतं, आता १.६. दोन्ही जवळपास एकाच मापाने आखडलं. पिल्लू सडपातळ झालं नाही, नुसतं लहान राहिलं. फोनवरच्या वाक्याचा अर्थ इथे लागला.

एकच लक्षण, पण दोन ठिकाणांहून आलेलं. मोठ्या नरात ऊर्जा मांसाच्या मर्यादेपलीकडे गेली म्हणून चरबी, लहान पिल्लात लायसिन कमी पडलं म्हणून चरबी. पहिल्याला कपात लागू पडते. दुसऱ्याला तीच कपात म्हणजे उपाशी मुलाचं जेवण आणखी कमी करणं.

तेलाचाही न्याय करायला हवा. मालकांना वाटत होतं सगळा दोष तेलाचा. तेल येण्याआधी तोच ९० किलोचा नर १३.४ मेगाज्यूलचं खाद्य २.७५ किलो खायचा, म्हणजे ३६.९ मेगाज्यूल आणि सुमारे ३४० ग्रॅम चरबी. तेलाने रोजची २६ ग्रॅम वाढली. शेवटच्या पन्नास दिवसांत सव्वा किलोच्या आसपास. दुर्लक्ष करण्याइतकं थोडं नाही, पण नर आधीच काठावर होता. तेलाने त्याला ढकललं, एवढंच. डुक्कर खाद्य दाट झालं की थोडं कमी खातं, पण बरोबर तेवढंच कमी खात नाही. हा नर ऊर्जेच्या हिशेबाने जवळजवळ ४ टक्के पुढेच गेला.

काय बदललं

मालकांना मी पहिली गोष्ट सांगितली ती त्यांना पटली नाही. "तेल बंद करू नका, जागा बदला. शेवटच्या खाद्यातून काढा, पहिल्यात राहू द्या."

"अहो, चरबीची तक्रार आहे आणि तुम्ही पिल्लांना तेल घालायला सांगताय?"

हो. ज्याचं पोट लहान आणि मांसाची मर्यादा अजून लांब, त्यालाच दाट खाद्याचा उपयोग. अट एकच: लायसिन ऊर्जेबरोबर वर यायला हवं. सोयाबीन पेंड थोडी वाढवून आणि कृत्रिम लायसिन घालून पहिलं खाद्य १.० टक्क्यावर नेलं. थ्रिओनिन, मेथिओनिन यांचं लायसिनशी प्रमाण बिघडणार नाही हे पाहिलं. नुसतं लायसिन ओतून भागत नाही, पुढचं जे अमिनो आम्ल कमी असेल ते वाढ अडवतं. आणि पिल्लांची कपात त्याच दिवशी बंद, गव्हाण पुन्हा पोटभर.

६० किलोला कप्पा बदलतानाच नर आणि माद्या वेगळे केले. जास्तीचा खर्च शून्य, फक्त वाटणी वेगळी. माद्यांना बिनतेलाचं खाद्य, पोटभर. त्यांचं लायसिन किंचित वर, कारण त्या कमी खातात.

राहिले ८० किलोच्या पुढचे खच्ची नर. मोजून खाद्य घालायचं तर गव्हाण लांब हवी, सगळे एकदम खाऊ शकतील इतकी. या वजनाला डुकराच्या खांद्याची रुंदी धरून प्रत्येकाला ३०–३३ सेंटिमीटर. गव्हाण बांधायला मालक तयार नव्हते. मी म्हटलं, मग खाद्यच पातळ करू. गव्हाचा कोंडा घालून ते १२.६ मेगाज्यूलवर आणलं आणि एका कप्प्यात पोटभर ठेवलं.

हा माझा चुकलेला निर्णय. पहिल्या आठवड्याची वही बघून मी खूश झालो: नर जेवढे डबे आधी खात होते तेवढेच आताही खात होते, म्हणजे ऊर्जा ११ टक्क्यांनी खाली. दुसऱ्या आठवड्यात डबे वाढले. आणि मामा एका सकाळी म्हणाले, "डॉक्टर, डबा हलका लागतोय." तोलला. कोंड्याच्या खाद्याचा तोच डबा पाच किलोचा भरला. पहिल्या आठवड्यात ते खरोखरच कमी खात होते, दुसऱ्या आठवड्यात पोट सैलावलं आणि वजनाने २.८५ किलोपर्यंत गेले, जवळजवळ ३६ मेगाज्यूल. आधीच्या ३८.३ च्या मानाने थोडीशी घट, पण ज्यासाठी हा खटाटोप केला तेवढी नाही. कोंड्याने खाणं आवरतं ते पोटाची हद्द गाठल्यावरच. ९० किलोच्या खच्ची नराची हद्द मी समजत होतो त्यापेक्षा बरीच लांब होती. शिवाय शेणाचा ढीग वाढला, त्यावर मामांनी दोन शब्द ऐकवले ते इथं लिहीत नाही.

शेवटी गव्हाण बांधली. बिनतेलाचं खाद्य, दिवसाला २.४५ किलो, सकाळ-संध्याकाळ दोन वेळा. ३२.८ मेगाज्यूल.

निकाल, आणि एक न पटणारा आकडा

पुढच्या दोन खेपांत खच्ची नर साडेपंधरा ते सोळा मिलिमीटरवर आले. माद्या १४. शेवटच्या टप्प्यात नरांना तीन-चार दिवस जास्त लागले, आणि पहिल्या टप्प्यात पिल्लांनी जवळपास तेवढेच दिवस वाचवले. २५ ते ६० किलोच्या कप्प्यातली वाढ दिवसाला सत्तरएक ग्रॅमने सुधारली होती.

मालकांना खटकला तो एफसीआर, म्हणजे एक किलो वजन वाढायला लागणारं खाद्य. आधी खच्ची नर शेवटच्या टप्प्यात एक किलो वजनाला २.७ किलो खाद्य घेत होते. आता २.८. "एवढं करून खाद्याचा परतावा घसरला?"

कागद काढून बसलो. किलोऐवजी मेगाज्यूल धरले तर आधी एक किलो वजनाला ३८ च्या वर थोडे, आता साडेसदतीस. म्हणजे फारसा फरक नाही. कारण जगण्याचा रोजचा खर्च तेवढाच राहतो आणि वाढ मंदावली की तो थोड्या किलोंवर वाटला जातो. चरबी स्वस्तात वाचली, पण दिवस महाग पडले. हे गणित लपवायचं कारण नाही. जिथे चरबीवर दर कापत नाहीत तिथे खच्ची नरांना मोजून घालणं हा फायद्याचा धंदा नाही, आणि मी तसा सल्लाही देणार नाही.

पण वजनकाटा चरबीचा किलो आणि मांसाचा किलो वेगळा ओळखत नाही. मांसाच्या किलोमागे हिशेब मांडा. १३० ग्रॅम प्रथिन म्हणजे ५८५ ग्रॅम मांस, दोन्ही वेळी तेवढंच. ते आधी ३८.३ मेगाज्यूल घालून मिळत होतं, आता ३२.८ घालून. मांसाच्या दर किलोमागे १४ टक्के ऊर्जा कमी. खरेदीदार चिठ्ठीवर ज्याचे पैसे देतो तो हा किलो.

माद्यांचं काय, हा प्रश्न मालकांनी लगेच विचारला. त्यांनाही मोजून घातलं तर १४ चे १२ होतील का? होतील. पण हिशेबात माद्यांची चरबी आणि प्रथिनाचं प्रमाण दोनच्या आसपास आहे, नरांचं पावणेतीनच्या वर होतं. कापायला जागा कमी आणि मांसाला धक्का लागायचा धोका जास्त. चरबी फार पातळ झाली की ती मऊ पडते, मांसापासून सुटते, खरेदीदाराची वेगळी तक्रार सुरू होते. मी नको म्हटलं. मालकांना ते अजून पूर्ण पटलेलं नाही.

कपातीत सापडलेली खेप

एक खेप राहिली होती. पाच आठवड्यांच्या सरसकट कपातीत ३०–४० किलोची असलेली पिल्लं. ती त्यानंतर पोटभर खाद्यावर आली, पण त्यांच्या कप्प्यांना लांब गव्हाण मिळाली नाही, बांधकाम तोवर झालं नव्हतं. मालकांचा अंदाज होता, लहानपणी मार खाल्लाय म्हणजे निदान सडपातळ तरी निघतील.

मला केंब्रिजमध्ये मॅकमीकनने केलेले प्रयोग आठवत होते. १९४० मध्ये छापले गेलेले. त्याने डुकरांना सोळा आठवड्यांपर्यंत एका पातळीवर आणि पुढे दुसऱ्या पातळीवर वाढवलं आणि सगळी २०० पौंडांना कापली. आधी भरपूर आणि मग मोजून, यांच्यापेक्षा आधी तुटपुंजं आणि मग भरपूर, ही डुकरं स्पष्टपणे जास्त चरबीची निघाली. मांसाची वेळ लवकर येते, चरबीची उशिरा. जिच्या वेळेला भूक मारली त्या ऊतीचं नुकसान आणि जिच्या वेळेला भरभरून घातलं तिची भरती. मॅकमीकनकडे लायसिनचा हिशेब नव्हता, वंशही वेगळे होते, म्हणून ते निष्कर्ष तसेच्या तसे इथं लावता येत नाहीत, हे मी मालकांना सांगितलं होतं.

ती खेप अकरा दिवस उशिरा विकली गेली. चिठ्ठी आली तेव्हा मामांनी ती आधी वाचली आणि बिल्ल्यांचे नंबर वहीशी जुळवून शेजारी पेन्सिलीने नर-मादी लिहून ठेवलं, मी न सांगता. खच्ची नरांचे पी-टू बहुतेक १८ च्या घरात होते.